माझ्या फॉर्मवरचं तिचं नाव

आमच्या घरात कामांची वाटणी कधी झाली ते आता आठवत नाही, पण झाली ती कायमची. विमा, शाळेची फी, दरवर्षीची पुण्याची तिकिटं हे नवऱ्याचं खातं. टॅक्सचा फॉर्म माझा. सिंगापुरात त्यात फारसं काम नसतं. पगाराचा आकडा कंपनीने आधीच कळवलेला असतो, सवलती गेल्या वर्षीच्या तशाच उतरलेल्या असतात. एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडायचा, सगळं एकदा नजरेखालून घालायचं आणि पाठवून द्यायचं. चहा उकळेपर्यंत काम उरकतं.

त्या वर्षी मात्र मी मध्येच थांबले. मुलांसाठीच्या सवलतीच्या रकान्यात मुलीचं नाव नेहमीसारखं होतं. तिच्या जन्मानंतरच्या पहिल्या फॉर्मवर ते मी स्वतः घातलं होतं आणि तेव्हापासून ते दरवर्षी आपोआप येत होतं. त्या नावाखाली बारीक अक्षरांत एक अट होती. मूल शिकत असलं तरी त्याची स्वतःची वर्षाची कमाई अमुक रकमेच्या वर गेली असेल, तर सवलत घेता येत नाही. ही अट आधीही असणार, पण ती मी कधी वाचली नव्हती. वाचायचं कारणच नव्हतं.

आमची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. ज्युनियर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि वर्षअखेरीला मोठी परीक्षा. आदल्या वर्षभर ती एका पोहण्याच्या कोचच्या हाताखाली लहान मुलांना शिकवत होती. सुरुवात सुटीतल्या विरंगुळ्यासारखी झाली. दहावीसारखी ती इथली परीक्षा संपली, घरात बसून कंटाळली, तेवढ्यात तिच्या जुन्या कोचचा मेसेज आला की मदतनीस मुलगी सोडून गेली आहे, येतेस का. ती गेली. मग कॉलेज सुरू झालं तरी शनिवार राहिले, आणि जूनच्या आणि वर्षाअखेरच्या सुटीत तर रोजच. आम्ही तिला कधी अडवलं नाही. अभ्यास नीट चालला होता, आणि खरं सांगायचं तर ती किती कमावते हे मी कधी विचारलंही नव्हतं. तिच्या बँकेत जमा होत होतं, ती त्यातून स्वतःचे कपडे घेत होती, आजीला पुण्याला एकदा शाल नेली होती. एवढंच मला ठाऊक.

मी तिला हाक मारली. ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. गेल्या वर्षी कोचने एकूण किती दिले असतील, असं मी विचारलं.

“नॉट शुअर. नॉट दॅट मच, लाह,” इथल्या मुलांसारखं वाक्याला ‘लाह’ जोडत ती म्हणाली.

अंदाजे सांग म्हटल्यावर तिने जो आकडा सांगितला तो मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ होता, आणि त्यात डिसेंबर धरलेला नव्हता. नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. तो म्हणाला, सोड, एवढ्याशा पोरीच्या पोहण्याच्या पैशांमागे कोण लागणार आहे. तो अप्रामाणिक माणूस नाही. हॉटेलात बिलात एक पदार्थ लावायचा राहिला तर परत जाऊन सांगणारा आहे. पण आकडे दिसले की त्याचा हिशोब आपोआप सुरू होतो. त्याने तिथल्या तिथे तोंडी गणित केलं आणि सवलत गेली तर माझा टॅक्स किती वाढेल ते सांगून टाकलं. म्हणाला, तेवढ्यात हिचा नवा चष्मा होऊन वर काहीतरी उरेल.

मी म्हटलं, अंदाजावर नको. कोचकडून एका कागदावर वर्षाचा आकडा लिहून आण, मग बघू. मुलगी आत गेली.

कागद आला नाही. मंगळवारी विचारलं तर कोच बिझी आहे म्हणाली, गुरुवारी विचारलं तर विसरले. शेवटची तारीख जवळ येत होती. शुक्रवारी मी म्हटलं, उद्या मीच तुझ्याबरोबर येते. नको आई, गरज नाही, असं तिने दोनदा सांगितलं. तरीही मी गेले. थोडं त्या कागदासाठी, आणि थोडं वेगळ्याच कारणासाठी. तिचा शनिवारचा क्लास मरीन परेडच्या ज्या कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत होता, तिथे आम्ही पूर्वी राहायचो.

आम्ही दोघं पुण्याहून इथे आलो तेव्हा ऑफिस तांजोंग पगारला आणि घर मरीन परेडला, भाड्याचं, दोन खोल्यांचं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं म्हणून घेतलं. इमारत जुनी होती, लिफ्ट कुरकुरायची, पण खाली स्विमिंग पूल होता आणि पलीकडे रस्ता ओलांडला की समुद्र. मुलगी तिथेच चालायला लागली. पुढे पीआर, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी, मिळाल्यावर बिशानला फ्लॅट घेतला, शाळा जवळ, एमआरटी म्हणजे मेट्रो जवळ, आणि मरीन परेड मागे पडलं. पंधरा-वीस किलोमीटरसुद्धा नसेल, पण मी अकरा वर्षांत एकदाही तिथे गेले नव्हते.

तेव्हा तिकडे एमआरटी पोचली नव्हती. आम्ही सर्कल लाइनने गेलो आणि मग बस धरली. ती माझ्या शेजारी बसली होती, पण तोंड खिडकीकडे करून. मांडीवर बॅग आणि बॅगेला अडकवलेले दोन गॉगल. मला वाटलं, आईला कामाच्या जागी न्यायला लाजत असेल. सतराव्या वर्षी कोणीही लाजेल.

गेटवरचा वॉचमन बदललेला होता. तिला बघून त्याने हात वर केला आणि मला मात्र वहीत नाव लिहायला लावलं. स्विमिंग पूलभोवतीच्या जुन्या फरशा जाऊन नव्या खरखरीत फरशा आल्या होत्या. झाडं तीच होती. मी कडेच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मुलगी कपडे बदलून पाण्यात उतरली.

तिथल्या पहिल्या पाच-दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की मी आजवर तिला काम करताना पाहिलेलंच नाही. घरी जिला ताट उचल म्हणून तीनदा सांगावं लागतं, ती इथे सहा मुलांवर एकाच वेळी लक्ष ठेवून होती. एकाचा गॉगल घट्ट करत होती, दुसरीला भिंतीपासून लांब जाऊ देत नव्हती, आणि आवाज जराही चढवत नव्हती. साधारण पाच वर्षांचा एक चिनी मुलगा कडेचा दांडा सोडायलाच तयार नव्हता. कोच पलीकडे मोठ्या मुलांना घेत होती. आमच्या मुलीने त्याला ओढलं नाही, समजावलंही नाही. ती त्याच्या शेजारी पाण्यात गळ्यापर्यंत बुडून उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघता वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने एक हात सोडला. मग दुसरा. तिने त्याच्या पोटाखाली हात धरला, त्याने तोंड पाण्यात घातलं, आणि ती मोठ्याने मोजायला लागली.

“एक, दोन, तीन, चार…”

मराठीत. चारला त्याने डोकं वर काढलं. पुढच्या खेपेला सहापर्यंत गेला. आणि मग बाकीची मुलंही तिच्याबरोबर ओरडायला लागली. त्यांना काही वेगळं वाटतच नव्हतं, ते बहुधा दर शनिवारी तसंच मोजत होते.

मला पोहता येत नाही. सोलापूरच्या आमच्या गल्लीतल्या मुलींना पोहायला कोण शिकवणार होतं. ही चार-पाच वर्षांची असताना याच पुलात शिकत होती आणि मी काठावर टॉवेल घेऊन बसायचे. पाण्यात मी काहीच मदत करू शकत नव्हते, म्हणून तिने श्वास रोखला की मोठ्याने मोजायचे. एवढंच माझं काम. घरात आता मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, याचं मला वाईट वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायचे. हे मोजणं तिच्याकडे उरलंय हे मला माहीत नव्हतं. कदाचित तिलाही नसेल. नंतर मी तिला याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर ती पुढच्या शनिवारपासून अवघडली असती.

तास संपल्यावर कोच माझ्याकडे आली. साठीच्या आसपासची बाई, उन्हाने रापलेली, केस अगदी बारीक कापलेले. आमच्या मुलीला पाचव्या वर्षी हिनेच शिकवलं होतं. तिने मला ओळखलं. तुम्ही ती मोजणारी आई ना, असं विचारलं, आणि बॅगेतून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर महिन्यावार आकडे होते, खाली बेरीज आणि सही. बेरीज मर्यादेच्या वर होती. थोडीच, पण वर.

मी आभार मानले. म्हटलं, आठवडाभर तुम्हाला त्रास दिला.

 कागद तर सोमवारीच तयार होता, असं कोच म्हणाली. मुलगी मंगळवारी आली होती, पण तो तिने नेला नाही. डिसेंबरचे पैसे जानेवारीत दिले असं लिहाल का, म्हणून विचारत होती. कोचने नाही म्हटलं. मग थोडा कमी आकडा लिहाल का, असंही विचारलं.

“मी म्हटलं, चालेल,” कोच म्हणाली. “मग कुठल्या मुलांना तू शिकवलं नाहीस ते सांग. माझ्या वहीतून त्यांचे दिवस खोडते. तर तिने नकारार्थी मान हलवली आणि गेली. तुम्ही तिला रागावू नका. ती पैसे वाचवत होती, पण स्वतःचे नाही.”

मुलगी पलीकडे नळाखाली फ्लोट धूत होती. आमच्याकडे बघत नव्हती, त्यावरूनच कळलं की काय बोलणं चाललंय ते तिला माहीत आहे. मला आधी राग आला. कोणाकडून शिकली हे, असं मनात आलं, आणि लगेच उत्तरही आलं. आमच्याच टेबलावर, रविवारी दुपारी, माझ्यासमोर. तिच्या बाबाने तो आकडा मोठ्याने सांगितला आणि मीही त्याला गप्प केलं नव्हतं. आधी कागद आण, मग बघू, असं म्हणाले होते. त्या ‘मग बघू’मध्ये मीही थोडी होतेच.

परतताना बसला वेळ होता. स्टॉपवर आम्ही दोघी बाकावर बसलो. तिचे केस ओले होते आणि पाठीवर टीशर्ट भिजला होता.  मग तीच म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, तुटक तुटक.

“मला वाटलं, माझ्या जॉबमुळे तुझा लॉस होतोय. मी तर फक्त… मला तिथे आवडतं म्हणून जाते. त्याचे पैसे तू का भरायचे?”

मी तिला रागावले नाही. त्याऐवजी तिला मी सतरा वर्षांची असतानाची गोष्ट सांगितली. ती मी तिला आधी कधीच सांगितली नव्हती. लपवली होती असं नाही. इथे आल्यावर सांगायचा प्रसंग आला नाही, एवढंच.

माझे वडील, अप्पा, सोलापुरात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची एकेक अक्षरं, उलटी. त्यांना उलटा मजकूर सुलट्यासारखा वाचता यायचा. लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्यासाठी वर्तमानपत्र आरशासमोर धरायचो आणि ते घडाघडा वाचून दाखवायचे. मी बारावीत असताना तो छापखाना बंद पडला. सगळीकडे कॉम्प्युटरवर मजकूर तयार व्हायला लागला होता. मालकाने मशिनं भंगारात घातली आणि अप्पा घरी बसले. दोन गल्ल्या सोडून एका दुकानात नवीन कॉम्प्युटर आले होते, लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायचे. त्यांना मराठी टाइप करणारी मुलगी हवी होती. मी टायपिंगची परीक्षा दिलेली होती. घरात कोणाला न विचारता गेले आणि काम घेतलं.

पहिला पगार मी अप्पांच्या पुढे ठेवला. ते म्हणाले, आईकडे दे. हात लावला नाही, चप्पल घालून बाहेर गेले. मला वाटलं, ज्या मशिनने त्यांचं काम घालवलं त्यावरच मी काम करते म्हणून त्यांना राग आलाय. दोन महिने घर माझ्या पगारावर चाललं आणि अप्पा माझ्याशी त्या कामाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

मग एकदा एका पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या आजोबांचं नाव चुकलं आणि दुकानदार माझ्यावर ओरडला. त्या दिवशी मी पुढच्या कामाची प्रूफं घरी आणली आणि मुसमुसत वाचत बसले. अप्पांनी न बोलता ती माझ्या हातातून घेतली, लाल पेन मागितलं, आणि दहा मिनिटांत पानभर खुणा केल्या. ऱ्हस्व-दीर्घ, काना, रफार. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने विचारलं, हे कोणी तपासलं. मी सांगितलं. त्याने अप्पांना बोलावून घेतलं. त्यानंतर पुढची चौदा वर्षं त्या दुकानात अप्पांनी बघितल्याशिवाय एकही पत्रिका छापायला गेली नाही. मी इंजिनियरिंगला गेले ती त्यांच्या प्रूफांच्या पैशांवर.

मी सिंगापूरला यायला निघाले तेव्हा सोलापूरच्या एसटी स्टँडवर ते मला म्हणाले होते, “तू आधी गेलीस म्हणून मला त्या दुकानाची पायरी चढता आली.” बाकी काही नाही. आमच्यात त्या दोन महिन्यांबद्दल तेवढंच बोलणं झालं.

मुलगी ऐकत होती. बस येऊन गेली, आम्ही उठलो नाही.

“सो ही वॉज युअर डिपेंडंट?” तिने विचारलं.

“दोन महिने. हो.”

“तू त्यांचं नाव फॉर्मवर घातलं असतंस?”

मी म्हटलं, तेव्हा आमच्याकडे फॉर्म भरण्याइतकं उत्पन्न नव्हतं कोणाचं. पण असतं तर घातलं असतं.

“ही वुड बी सो अँग्री, लाह,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मीही हसले, कारण अप्पा खरंच चिडले असते.

घरी आल्यावर मी जेवायच्या आधीच लॅपटॉप उघडला. नवरा स्वयंपाकघरात कूकर लावत होता. कोचचा कागद मी त्याला दाखवला, आणि मुलीने तो बदलून मागितला होता हेही सांगितलं. त्याने गॅस बारीक केला. हात पुसून तिच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा म्हणाला, मी पुढे कधी घरात असा आकडा सांगायला लागलो तर मला थांबव. तो स्वतः तेविसाव्या वर्षापर्यंत वडिलांच्या पैशांवर शिकलेला. त्या दिवशी त्याने ते आपणहून काढलं, की त्या वयात त्याने एक पैसाही मिळवला नव्हता आणि त्याचं त्याला कधी काही वाटलंही नव्हतं.

मी मुलीला बोलावलं. म्हटलं, ये, बघ. तिच्या स्वतःच्या कमाईवर टॅक्स बसत नव्हता, तेवढी ती नव्हतीच, त्यामुळे तिला वेगळं काही भरायचं नव्हतं. फक्त माझ्या फॉर्मवरून तिचं नाव काढायचं होतं. ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकून बघत होती, केसांना अजून क्लोरीनचा वास होता. मी नावापुढच्या खुणेवर क्लिक केलं. खात्री आहे का, असं स्क्रीनने विचारलं. मी हो म्हटलं. सतरा वर्षं तिथे असलेलं नाव गेलं आणि त्या जागी कोरी ओळ आली.

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जड गेलं. मी तिला तसं सांगितलं नाही, पण तिला ते कळलं असावं. वाढलेले पैसे मी देते, असं ती म्हणाली. नको म्हटलं. मग मी पन्नासदा नको म्हणूनही तिने त्या महिन्यात घरची सगळी भाजी आणली, बिशानच्या बाजारातून, आणि भेंडी दर वेळी जून आणली. आम्ही ती तशीच खाल्ली.

त्या वर्षी परीक्षेमुळे तिने जूननंतर काम बंद केलं, त्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये तिची कमाई मर्यादेच्या खूप खाली होती आणि मी तिचं नाव पुन्हा घातलं. फॉर्मने काहीही विचारलं नाही. नवरा म्हणाला, आली परत. पुढे ती मर्यादाही सरकारने वाढवली. मुलगी आता इथल्याच विद्यापीठात आहे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला हॉस्टेलवर राहते आणि फिजिओथेरपी शिकते. मरीन परेडला आता एमआरटी जाते. कोचने काम थांबवलं. गुडघे गेले म्हणाली, आणि जाताना तिने आपली शिट्टी आमच्या मुलीला दिली.

ती रविवारी घरी येते, कपड्यांची पिशवी घेऊन, आणि संध्याकाळी इस्त्री केलेले नेते. तिचं शनिवारचं वेळापत्रक आता मला माहीत नसतं. पण शनिवारी दुपारी मी कधी कधी कपडे वाळत घालायला खिडकीशी जाते आणि बाहेर कपड्यांसाठी लावलेल्या बांबूंवर नुसते आमच्या दोघांचे ऑफिसचे शर्ट असतात. त्या वर्षी तिथे आठवड्याला पाच-सहा टॉवेल असायचे, ओले, जड, वास मारणारे. इतके की मी रोज कुरकुर करायचे, घरात माणसं तीन आणि टॉवेल दहा.